वैद्याचा भाऊ

श्रोतेहो, नमस्कार.

‘तो काय, नुसती भाषणं ठोकतो!’ असं आपण सहज म्हणतो. वक्तृत्वावरचा हा संशय फार जुना आहे. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, वक्तृत्व ही कला नव्हेच. ती जिभेचे चोचले पुरवणाऱ्या आचाऱ्याची हातोटी. वैद्य आणि आचारी यांचा निवाडा लहान मुलांकडे दिला, तर वैद्य बिचारा उपाशी मरेल.

पण त्याच संवादात वक्तृत्व शिकवणारा गॉर्जियस जे सांगतो, ते मला जास्त घोळवावंसं वाटतं. त्याचा भाऊ वैद्य. रोगी औषध घेईना, शस्त्र लावू देईना, की वैद्य हात टेकायचे. मग गॉर्जियस जायचा आणि नुसत्या बोलण्याने रोग्याला राजी करायचा.

आता मुंबईत या. 1896 मध्ये मांडवीत प्लेग शिरला. डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. वक्त्यावरचा विश्वास त्याच्या आधीच्या लौकिकातून नव्हे, भाषणातूनच उभा राहावा, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. हाफकिननी तो सुईने उभा केला म्हणायचं!

सरकारने मात्र घरं तपासायला आणि रोगी उचलून न्यायला सुरुवात केली. रोगी वेगळा ठेवण्यामागे वैद्यकीय कारण होतं, पण ज्याच्या घरातलं माणूस नेलं त्याला ती जुलूमजबरदस्तीच वाटली. मार्च 1898 मध्ये शहरात दंगल पेटली. ज्याला खरं कळलं, त्याने ते पटवायचं कसं? ‘गॉर्जियस’मध्ये प्लेटो या प्रश्नाला पुरेसा भिडत नाही, असं माझं मत. पुढे ‘फीड्रस’ या दुसऱ्या संवादात तो जरा नरमतो, सत्य आणि श्रोत्याचं मन दोन्ही जाणणाऱ्याच्या वक्तृत्वाला जागा देतो.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, तर चर्चेचेच प्रकार पाडले. सत्य शोधायला ‘वाद’, जिंकायला ‘जल्प’, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची पाडायला ‘वितंडा’. तिसऱ्याचं उदाहरण देत बसत नाही. संध्याकाळी टीव्ही लावा.

सॉक्रेटिसने गॉर्जियसला एक अट घातली होती: लांबलचक भाषण नको, विचारेन त्याचं थोडक्यात उत्तर दे. शिवाजी पार्कच्या सभेत ही अट घालायची कुणी? माईक एकच असतो. या स्टुडिओतही एकच आहे, आणि तो आत्ता माझ्यापुढे आहे.

नमस्कार.