टवका

(दृश्य : दादरमधल्या एका जुन्या इमारतीचं आवार. क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी. कॅमेरा बॉनेटच्या पुढच्या कडेवर सरकतो.)

लांबून गाडी ठीकठाक दिसते. जवळ गेलं की बॉनेटच्या कडेवर, चाकांच्या मागे, दारांच्या धारेवर बारीक ठिपके दिसायला लागतात. टवके. पुढच्या ट्रकखालून उडालेली खडी, शेजारच्या गाडीचं दार, किल्ली धरलेला घाईचा हात, कारणं नेहमीचीच.

या ठिपक्यांचे रंग बघा. काही राखाडी आहेत, काही तांबूस. राखाडी म्हणजे वरचा रंग गेलाय, पण खाली प्रायमर, म्हणजे पत्र्यावरचा पहिला अस्तराचा थर, शाबूत आहे. तांबूस म्हणजे पत्रा उघडा पडलाय आणि त्यानं गंज धरलाय. राखाडी टवका दिवाळीपर्यंत थांबला तरी चालतो. तांबूस थांबत नाही.

लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त होतं. मग तो कडेच्या चांगल्या रंगाखाली शिरतो आणि त्याला खालून उचलतो. वर फुगवटा दिसतो, तोवर आत बरंच काही झालेलं असतं. त्यात हे दादर. समुद्र हाकेच्या अंतरावर. खारी हवा पत्र्यावर बसली, की दमट रात्रीत साचलेल्या ओलाव्यातही गंजाचं काम जोरात चालतं.

(दृश्य : स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, डॅशबोर्ड, छताच्या कडेची पन्हळ.)

ही गाडी १९८६ची. जन्म कुर्ल्याचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्याच कारखान्यात १९६४ पासून फियाटची अकराशे डिलाइट बनू लागली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, काटकोनी अंग. मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर ती येते काळी-पिवळी होऊनच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली, टॅक्सीला मर्यादा २० वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचाही परवाना संपला. आता उरल्यात त्या अशा घरगुती. वडिलांनी घेतलेल्या आणि मुलांनी न विकलेल्या.

टवके दाखवायला अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : “अख्खी गाडी मारून घ्या साहेब, नवीन होऊन जाईल.” गॅरेजवाल्याचंही बरोबर आहे म्हणा, पंधरा टवके भरायला दिवस मोडतो आणि त्याचे पैसे मागायला तोंड उघडत नाही. पण अख्खी गाडी मारायची तर काचांचे रबर काढावे लागतात, बीडिंग, म्हणजे कडेच्या पट्ट्या, उतरवाव्या लागतात. चाळीस वर्षांचं रबर काढताना तुटतं. घाईचं काम असेल तर काहीच न काढता, कागद चिकटवून फवारा मारतात, आणि मग रबरावर, पन्हळीत, दाराच्या फटीत नवा रंग कायमचा दिसत राहतो. शिवाय कारखान्यातून आलेला रंग एकदा खरवडला की गेला. अमेरिकेतल्या पेबल बीचसारख्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत जुन्याच रंगातल्या, न सजवलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग ठेवलेला असतो, तो उगाच नाही. आपल्याकडेही २०२१च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. रंगकामानं ती संधी जात नाही, पण मूळ रूप जपायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

(दृश्य : पांढरं फडकं, रबिंग कंपाउंडची डबी, बाटलीत थिनर.)

रंगाला हात लावण्याआधी गाडीवर नेमकं काय मारलंय ते कळायला हवं. मधल्या काळात कोणी काय फासलंय, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं. तिथे फक्त ‘क्रीम’ एवढंच.

रंगारी डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कंपाउंड, म्हणजे रंग घासायची बारीक पेस्ट, लावून पांढऱ्या फडक्यानं घासतात. फडक्यावर क्रीम रंग उतरला. म्हणजे वर क्लिअर कोट, पारदर्शक थर, नाही, सगळा रंगच आहे. मग थिनरचा बोळा. काही क्षणांत रंग विरघळून चिकट झाला, तर तो जुन्या पद्धतीचा नायट्रोसेल्युलोज ड्युको. सुरकुत्या पडून वर उचलला गेला, तर इनॅमल. काहीच झालं नाही, तर नंतर कोणीतरी टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा रंग, मारलेला आहे. या गाडीचं बॉनेट टू-के निघालं, डिकी ड्युको. म्हणजे पुढून कधीतरी ठोकलेली आहे. मालकांना हे आजच कळलं. वडील काही बोलले नव्हते.

आता रंग जुळवणं. जुन्या गाडीला मूळ रंगाचा कोड सापडला तरी फार उपयोग नाही, कारण गाडी त्या रंगाची राहिलेलीच नसते. उन्हानं रंग विटतो, वर खडूसारखा थर येतो. म्हणून आधी तळहाताएवढा भाग कंपाउंडनं घासून खालचा खरा रंग काढायचा आणि त्याच्याशी जुळवायचं. दुकानदार पांढऱ्यात पिवळा, मग किंचित काळा, कधी लालसर थेंब टाकत जातो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा निघतो, म्हणून डबी घेऊन बाहेर यायचं. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही, म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर लावून वाळू द्यायचा. दुकानदार वैतागला तरी वाळू द्यायचा.

(दृश्य : जवळून. सुई, वॉटर पेपर, काडेपेटी.)

पहिलं काम धुण्याचं. साबणानं धुतलं तरी पॉलिशचा तेलकटपणा जात नाही, विशेषतः सिलिकॉनवालं चकाकीचं पॉलिश. त्याच्यावर लावलेला रंग फाटतो, मधे गोल भोकं पडतात. ते खास द्रावणानं पुसून काढायचं. नंतर सुईच्या टोकानं गंज कोरायचा. कडेचा सैल रंगही निघू द्यायचा, त्याची दया करायची नाही. पेन्सिलीच्या मागच्या रबराला वॉटर पेपरची बारीक चकती चिकटवली, की टवक्यापुरतंच घासता येतं, आजूबाजूला ओरखडे जात नाहीत.

खड्ड्यात उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर. लाल गंज काळपट पडतो, कारण लोहाच्या ऑक्साइडचं फॉस्फेट होतं. डबीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं आणि सांगितलंय तसं पुसायचं.

इथे बरेच जण लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायला जातात. टवक्याला लांबीची गरज नसते. पॉलिएस्टरची लांबी पाणी शोषते. गंजावर ती भरणं म्हणजे ओला बोळा दाबून वर रंग लावणं. पोचा पडला असेल तर गोष्ट वेगळी.

प्रायमर लावायला ब्रश नको. काडेपेटीच्या काडीचं गुल नसलेलं टोक पुरतं. थेंब मधोमध टेकवायचा, तो आपोआप कडांपर्यंत पसरतो. ब्रशनं ओढलं की रंग टवक्याबाहेर, शाबूत भागावर चढतो आणि डाग मोठा होतो. प्रायमर वाळला की रंगही तसाच, थेंबाथेंबानं. प्रत्येक थर वाळताना बसतो, कारण त्यातलं थिनर उडून जातं. म्हणून थर पातळ द्यायचे, मधे वेळ द्यायचा, आणि शेवटचा थर आजूबाजूच्या पातळीपेक्षा जरासा वर येईपर्यंत थांबायचं नाही.

हे सगळं पावसाळ्यात करू नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि ड्युको पांढुरका पडतो. मुंबईत दिवाळी ते होळी हा काळ बरा. सकाळचं दव सुकल्यावर, सावलीत.

नेलपॉलिशचं काय, हा प्रश्न हमखास येतो. तेही बहुतेक नायट्रोसेल्युलोजचंच असतं, म्हणजे जातभाई. रंग जुळत नाही, खाली प्रायमर नसतो, पण उद्या पहाटे कोकणात निघायचंय आणि पत्रा उघडा आहे, तर मी लावेन. लाजायचं कारण नाही.

(दृश्य : आठवड्यानंतर. साबणाचं पाणी, दोन हजार नंबरचा पेपर.)

आठवडाभर वाळल्यावर वर आलेला उंचवटा दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरनं, छोट्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळून, घासायचा. बोटानं घासलं की खळगा पडतो. रंगाचा सगळा थर मिळून जेमतेम एक दशांश मिलिमीटर, आणि कंगोऱ्यावर त्याहूनही पातळ. पद्मिनीला मागे शेपटीसारखे कंगोरे आहेत, तिथे पेपर न्यायचाच नाही. कंगोऱ्यावरचा टवका थोडा उंच राहिलेला परवडला. शेवटी हातानं कंपाउंड. मशिन लावलं तर भरलेला थेंबच उपटून येतो.

(दृश्य : मालक बॉनेटवर वाकून पाहतात.)

“काका, दिसतंय अजून,” मालक म्हणतात.

“दिसणारच. पण आता वाढणार नाही,” रंगारी म्हणतात.

पंधरापैकी दोन टवके भरलेले नाहीत. दोन्ही डाव्या दाराच्या खालच्या धारेवर आहेत. तिथे नख दाबलं तर पत्रा मऊ लागतो. हा गंज बाहेरून आलेला नाही. काचेवरून दाराच्या आत उतरणारं पाणी बाहेर जायला तळाला भोकं असतात. ती मातीनं बुजली, पाणी आत साचलं आणि पत्रा आतून खाल्ला गेला. त्यावर बाहेरून कितीही रंग लावला तरी व्यर्थ. आधी तारेनं भोकं मोकळी करायची, दाराचं आतलं पॅनेल काढून बघायचं, आणि पत्रा फारच गेला असेल तर वेल्डिंगवाल्याला गाठायचं. रंगाची उरलेली डबी त्यासाठी घट्ट झाकण लावून, तारीख लिहून ठेवली आहे.