गरम झाली की अडते

सकाळी ही गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. तासभर छान धावली. थांबवून १० मिनिटं झाली, आणि आता सेल्फ जोमानं फिरतोय, पण इंजिन पकडत नाही.

घाईनं काही बदलू नका. हा बिघाड फक्त तापलेल्या इंजिनात दिसतो. गाडी निवली की तो लपतो. बघायचं ते आत्ताच.

इंजिन बंद होताच पाणी फिरायचं थांबतं, पंख्याचा वाराही थांबतो. पण लोखंडात मुरलेली उष्णता बाहेर येतच राहते. म्हणून गाडी उभी केल्यावर बॉनेटखाली उलट जास्त तापतं. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आतच उकळू लागतात. कार्बोरेटरमधलं (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातलं) पेट्रोल उकळून इंजिनात उतरतं, किंवा पंपात वाफ धरते.

एअर फिल्टर काढून कान द्या. बुडबुड ऐकू आली, उग्र वास आला, तर एक्सिलरेटर पुन्हा पुन्हा मारू नका. दर दाबाला आणखी पेट्रोल आत जातं. तो तळापर्यंत दाबून धरा आणि तसाच सेल्फ मारा. काळा धूर सोडत इंजिन उठलं, तर कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा बेकेलाइटचा (कडक प्लॅस्टिकचा) स्पेसर, म्हणजे जाड पट्टी, घालावा.

या गाडीत मात्र बुडबुड नाही. ठिणगी पाडणारा प्लग काढला, तर कोरडा नाही, भिजलेलाही नाही. म्हणजे पेट्रोल नीट पोचतंय, आता ठिणगी बघायची. कार्बोरेटरपासून दूर, प्लग इंजिनच्या अंगाला टेकवून सेल्फ मारला. पाहा: पिवळट, बारीक, मध्येच तुटणारी. ती निळी आणि कडक हवी.

संशय ठिणगी घडवणाऱ्या दोघांवर: कंडेन्सर, आणि बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं वाढवणारी कॉइल. कॉइलला हात लावणंही कठीण आहे. आतलं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं, आणि थंडपणी मीटर लावलं तर आकडा अगदी बरोबर येतो. कितीतरी चांगले कार्बोरेटर याच फसवणुकीपायी विनाकारण उघडले जातात, याचं खरंच वाईट वाटतं.

इग्निशन बंद करून कॉइलच्या डब्याला ओलं फडकं गुंडाळलं, टर्मिनल कोरडे ठेवून. ३ मिनिटं. फडक्यातून वाफ निघतेय. पुन्हा सेल्फ.

निळी ठिणगी. तिचा चटचट आवाजही ऐकू येतोय.

नवी कॉइल बसवली आहे. आता पुन्हा तासभर चालवायची, १० मिनिटं उभी करायची, आणि मग चावी फिरवायची.