लोकरीची वेणी

(दृश्य: पसरट स्टीलच्या ट्रेमध्ये ओली पांढरी लोकर. पळीने रंग सोडला जातोय.)

आधी पिवळा. मग केशरी, लाल. जांभळ्याची पाळी सगळ्यात शेवटी.

ही लोकर म्हणजे पेळू, कातण्यासाठी विंचरलेला लांब पट्टा. रात्रभर पाण्यात होती. कोरडीवर रंग वरच्यावर बसतो, आत पांढरे डाग राहतात. पाण्यात सायट्रिक ॲसिड आहे, आपल्या स्वयंपाकघरातलं लिंबूसत्त्वच. आम्ल नसेल तर हा रंग लोकरीला धरत नाही. आता झाकण आणि मंद आच. उकळी येऊ द्यायची नाही. ढवळायचं तर मुळीच नाही. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि पेळूचा नमदा होतो, म्हणजे घट्ट गच्च थर. नमदा कातणार कसा?

(दृश्य: ट्रेमधलं पाणी काचेच्या ग्लासात.)

मघाशी गडद जांभळं होतं, आता नितळ आहे. रंग सगळा लोकरीने पिऊन घेतला. तरीही रंगारीण घाई करत नाही. ट्रे आपोआप निवेल, मगच लोकर निथळेल, वाळेल आणि तिची वेणी घातली जाईल.

रंगवलेलं सूत विकणं त्या मानाने सोपं. दिसतं तेच मिळतं. इथे विकायचाय तो न कातलेला पेळू, आणि पुढचं सगळं गिऱ्हाइकाच्या बोटांत. पिवळा आणि जांभळा शेजारी शेजारी झकास दिसतात. पण दोन पदरांना एकत्र पीळ दिला की लांबून सूत मातकट दिसू लागतं. म्हणून मध्ये केशरी आणि लाल. ही जाण कुठल्या रंगाच्या डबीत मिळत नाही. पैसे तिचे आहेत.

(दृश्य: जत्रा. शेडमध्ये टांगलेल्या वेण्या, गर्दी.)

अमेरिकेतलं मेरीलँड, वेस्ट फ्रेंडशिप गाव. मे महिन्याच्या सुरुवातीला हॉवर्ड काउंटीच्या मैदानावर मेंढ्यांची आणि लोकरीची ही जत्रा भरते. जत्रेची सुरुवात 1974 ची. 4 औंसांची, म्हणजे साधारण 113 ग्रॅमची एक वेणी, सुमारे 30 डॉलर. तेवढ्यात तयार स्वेटर येतो, असं कोणी म्हणेलच. म्हणू दे. तो स्वेटर कातायचा आनंद कुठल्या दुकानात मिळतो?

(दृश्य: गिऱ्हाइकाचे हात, जवळून.)

हिला बघा. वेणी आधी उजेडात नेली. मग टोकाचे चार केस चिमटीत धरून अलगद ओढले. सुटले. म्हणजे लोकर कुठे आवळलेली नाही, चरख्यावर सरसर निघेल. पुढचा प्रश्न ठरलेला: “एकाच घाण्यातल्या सहा मिळतील?” स्वेटरला तेवढ्या लागतातच, आणि पुढच्या घाण्याची छटा हुबेहूब जमेल याची खात्री रंगारीणही देत नाही.

(दृश्य: कातरणीचं प्रात्यक्षिक.)

या वेण्यांची मऊ मेरिनो लोकर बहुधा परदेशातून येते. इथल्या भरड लोकरीतून अनेकदा मेंढपाळाचा कातरणीचा खर्चही निघत नाही. दख्खनी मेंढ्या पाळणाऱ्या आपल्या धनगरांना हे नव्याने सांगायला नको.

(दृश्य: पुन्हा स्टॉल.)

सहा नाहीत, चारच निघाल्या. बाई क्षणभर हिशेब करतात. चारही घेतात, “बाह्या आखूड करते” म्हणतात. घासाघीस नाही.