पत्र्यावरचं कोल्हापूर

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या शहरात सध्या कुठल्याही रस्त्यानं जा, चार पावलांवर बांधकामाचे पत्रे लागतात. आत पाया खणणं, सळई बांधणं चालू असतं, पण बाहेरून जाणाऱ्याला दिसते ती गंजलेली कड, पानाच्या पिचकाऱ्या आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फाटका फ्लेक्स. हे पत्रे दोन-दोन, तीन-तीन वर्षं उभे असतात. समोरच्या घरात जन्मलेलं पोर चालायला लागतं, तरी पत्रे जागेवरच.

हे पत्रे रंगवायचं काम आपल्याच गावातल्या चित्रकारांना द्यावं, एवढंच मला आज सांगायचंय. स्पर्धा भरवून नव्हे, रीतसर ऑर्डर देऊन.

मी एका बोर्ड पेंटरची मुलगी. दुकानाची पाटी, ट्रकची पाठ, मंडळाचा फलक, असं सगळं दादा हातानं रंगवायचे. दोरा खडूच्या पुडीत घोळवायचा, एक टोक मी धरायचं, दुसरं दादांनी. ताणून टणकन सोडला की पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर अक्षरं बसायची. मग फ्लेक्स आला, आणि दोन-तीन वर्षांतच आमच्या गल्लीतले सगळे पेंटर घरी बसले. कुणी वॉचमन झालं, कुणी घरं रंगवायला लागलं. ब्रश धरणारे हात मात्र अजून गावात आहेत.

आणि हे गाव कुठलं? आपण कौतुकानं ज्याला कलापूर म्हणतो ते. बाबूराव आणि आनंदराव पेंटर यांनी आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. राजवाडे, बागा, अरण्यं कापडावर उभी करता करता त्यांचा हात तयार झाला आणि त्याच हातांनी पुढं मूकपटाची वाट धरली. सिनेमाचे भव्य बॅनर रंगवणारे जी. कांबळे इथलेच. त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र राज्य शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलं. रस्त्यावरच्या माणसासाठी मोठ्या आकारात रंगवायची ही विद्या आपल्याकडं बाहेरून आणायला नको. आजही कलानिकेतन, दळवीज आर्ट्स यांसारख्या संस्थांतून दरवर्षी पोरं शिकून बाहेर पडतात, आणि त्यातली कितीतरी कामासाठी पुण्या-मुंबईची गाडी धरतात.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या महापालिकेनं हे नियमातच बसवलंय. ठरावीक भागांत बांधकामाचं कुंपण उभारलं, तर त्यावर कलाकाराचं काम किंवा शहराची जुनी छायाचित्रं लावावी लागतात. तिथली चित्रं बहुतेक छापील असतात. आपण मात्र हातानंच रंगवावं असं मला वाटतं. छापायचंच असेल तर फ्लेक्स आहेच की, आणि त्यानंच तर आमच्या पेंटरांचं पोट मारलं.

आता पत्र्याविषयी थोडं, कारण घोडं इथंच अडतं. नव्या जस्ताच्या पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारला तर तो धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. आधी पत्रा धुऊन, घासून खरखरीत करावा लागतो आणि जस्ताला चालणारा प्रायमर मारावा लागतो. आपला पाऊस बघता हे काम दसऱ्यानंतरच काढावं. दुसरी गोष्ट, एक साइट संपली की ठेकेदार तेच पत्रे पुढच्या साइटवर नेतो आणि हाताला येतील तसे ठोकतो. घोड्याचं तोंड एकीकडं, पाय भलतीकडं! म्हणून प्रत्येक पत्र्याच्या पाठीमागं नंबर घालावा.

पत्र्याच्या पन्हळींची अडचण वाटते खरी, पण तीच खरी गंमत आहे. प्रत्येक उंचवट्याला दोन बाजू असतात. डाव्या बाजूंवर एक चित्र आणि उजव्या बाजूंवर दुसरं काढलं, तर एकाच कुंपणावर जाताना एक दिसतं आणि येताना दुसरं. जाताना तालमीत लाल मातीत उतरलेला मल्ल, परत येताना गुऱ्हाळावर कढईतला रस ढवळणारा गुळव्या. शाळेला जाणारी पोरं दोनदा वळून बघतील!

देवादिकांची चित्रं मात्र नकोत. थुंकू नये म्हणून देव रंगवायचे आणि उद्या त्याच पत्र्याला खिळे ठोकायचे, हे मला पटत नाही. त्यापेक्षा त्या रस्त्यावरची माणसं रंगवा. कोपऱ्यावरची गजरेवाली, चपलेची वेणी घालणारा कारागीर, पहाटे दारात म्हैस उभी करून धार काढून देणारा गवळी. धोक्याची पाटी आणि रात्रीचा दिवा झाकू नये, आणि वळणावर लक्ष वेधणारं काही काढू नये, एवढं पथ्य पाळायचं.

पैशाचं बोलायलाच हवं. माझ्या ओळखीत एका ठेकेदारानं शाळेच्या पोरांकडून अख्खं कुंपण रंगवून घेतलं आणि हातावर एक-एक वडापाव आणि सर्टिफिकेट ठेवलं. पोरं खूश होती, पण मला फार वाईट वाटलं. सेंट्रिंगवाल्याला आपण फुटावर पैसे देतो, मग चित्रकारालाही फुटावर द्यावेत. आराखड्याचे वेगळे, रंगाचा खर्च आगाऊ. आणि खाली कोपऱ्यात त्याचं नाव.

सुरुवात कुठून करावी, हे मी मनाशी ठरवलंय. शाहू महाराजांनी उभारलेलं, 1915 साली सुरू झालेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. केशवरावांची जयंती दुसऱ्या दिवशी होती. आगीच्या ज्वाळा बघून त्या रात्री कितीजण रस्त्यावर उभं राहून रडले. अशा वास्तूच्या उभारणीभोवती जे पत्रे लागतात, त्यांवर नाटकाचे जुने पडदे रंगवावेत. महालाचा, अरण्याचा, नदीकाठाचा. आतला रंगमंच तयार होईपर्यंत बाहेर रस्त्यावर पडदा असावा.

परवा हे सगळं मी दादांना सांगितलं. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. घराजवळच्या एका साइटपाशी मला घेऊन गेले, पत्र्यावर नख ओढून बघितलं आणि म्हणाले, "कोरा हाय. आधी घासून घ्याय लागणार." मग चार पावलं मागं सरकून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले. "मोजलंस का? किती फूट भरतंय?"