एकही टप्पा न जिंकता

(दृश्य: काळ्या दगडांचं माळरान. दुरून धुळीचा एक लोट जवळ येतो. आवाज आधी येतो, गाडी नंतर दिसते.)

या गाडीचा आवाज नीट ऐका. वेग वाढतोय, पण इंजिनाचा आवाज चढत नाही. तो एकाच पट्टीत घरघरत राहतो.

कारण या गाडीचं इंजिन चाकं फिरवतच नाही. ते फक्त वीज तयार करतं. दोन लिटरचं टर्बो इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर बॅटरी भरतो आणि बॅटरीवर विजेच्या दोन मोटारी चालतात. एक पुढच्या एक्सलला, एक मागच्या. दोन्ही एक्सलना जोडणारा दांडाच नाही. ऑडीच्या या गाडीचं नाव आरएस क्यू ई-ट्रॉन. साल २०२४, देश सौदी अरेबिया आणि शर्यत डकार.

आता डकार हे सेनेगलच्या राजधानीचं नाव, मग सौदीत कसं? १९७८च्या डिसेंबरमध्ये थिएरी साबिन या फ्रेंच माणसाने पॅरिसहून डकारपर्यंत पहिली शर्यत नेली. त्याच्या आदल्याच वर्षी मोटरसायकलच्या एका शर्यतीत तो वाळवंटात वाट चुकला होता आणि मरता मरता वाचला होता. दुसरा कोणी वाळवंटाचं नाव टाकून मोकळा झाला असता. याने तिथे माणसं नेण्याचं ठरवलं. २००८मध्ये सुरक्षेच्या धोक्यामुळे शर्यत रद्द झाली, ती आफ्रिकेतून उठली आणि दक्षिण अमेरिकेत गेली. २०२०पासून ती सौदीत आहे. गाव सुटलं तरी आडनाव राहिलं, तसं काहीसं.

(दृश्य: हेल्मेट चढवणारा माणूस. भुवया पिकलेल्या.)

स्टिअरिंगवर आहे कार्लोस साइन्स. वय ६१. फॉर्म्युला वनमधला साइन्स तो मुलगा, हा बाप. रॅलीचा जगज्जेता, तोही दोनदा, १९९० आणि १९९२मध्ये. याला म्हणतात ‘एल मातादोर’. आपल्याकडे मॅटाडोर म्हटलं की जुना टेम्पो आठवतो. स्पेनमध्ये बैलासमोर उभा राहणारा आठवतो.

शेजारी नॅव्हिगेटर लुकास क्रूझ. दोघांनी मिळून डकार तीनदा जिंकलेली, २०१०, २०१८ आणि २०२०मध्ये. तिन्ही वेळा वेगळ्या कंपनीच्या गाडीतून.

ऑडीबरोबर मात्र दोन वर्षं नुसती फरपट झाली. २०२२मध्ये सुरुवातीलाच वाटेतला एक ठरलेला बिंदू, वेपॉइंट, सापडेना. तो शोधण्यात दोन तासांहून जास्त वेळ गेला आणि शर्यत तिथेच हातची गेली. २०२३मध्ये तर एका वाळूच्या टेकाडापलीकडे संघाच्या दोन गाड्या एकाच जागी आदळल्या. साइन्स त्यातून सावरला, आणि काही दिवसांनी पुन्हा उलटला. छातीत दुखतंय म्हणून त्याला हेलिकॉप्टरने नेत होते. हा वाटेतच म्हणाला, परत फिरवा, गाडी दुरुस्त होते का बघू. हेलिकॉप्टर फिरलं. गाडी काही होण्यासारखी नव्हती. नंतर कळलं, पाठीचे दोन मणके मोडले होते.

त्यानंतरची ही २०२४ची सुरुवात. अल-उला ते यानबू. बारा टप्पे, सगळं मिळून सुमारे ७,९०० किलोमीटर, त्यातले सुमारे ४,७०० घड्याळ लावून.

(दृश्य: गाडीच्या आत. क्रूझचे हात, समोर स्क्रीन.)

इथे जरा थांबू. ही शर्यत बघायची तर चालवणाऱ्याकडे कमी आणि शेजारच्याकडे जास्त बघावं, असं माझं मत आहे.

क्रूझसमोर नकाशा नाही. नेहमीच्या जीपीएससारखी वाट दाखवणारी निळी रेघही नाही. त्याच्याकडे आहे रोडबुक. एकेका चौकटीत अंतर, छोटंसं रेखाचित्र आणि एखादी खूण. खड्डा, कोरडी नदी, तुटलेला कडा. धोका किती, ते उद्गारचिन्हांवरून समजायचं. एक म्हणजे जपून. तीन म्हणजे थांबलात तरी चालेल. जिथे वाटच नाही, तिथे फक्त होकायंत्राचा अंश. हे सगळं हातात पडतं सकाळी, निघायच्या थोडं आधी. रात्रभर बसून पाठ करायची सोय नाही.

वेपॉइंट म्हणजे वाळवंटातले अदृश्य थांबे. पुरेसं जवळ गेल्याशिवाय ते स्क्रीनवर उमटत नाहीत. एखादा चुकला, तर दंड म्हणून वेळ वाढतो. म्हणून क्रूझ सतत बोलत असतो आणि साइन्स सतत ऐकत असतो. गाडी ताशी १७० किलोमीटरच्या वर न्यायला नियमानेच बंदी आहे. पण दगडांतून जाताना तेवढा वेगही पुरून उरतो.

पहिल्याच टप्प्यात लाव्हाचे काळे दगड. कडा सुरीसारख्या. एकामागून एक टायर फाटत गेले. पंक्चर झालं की दोघं उड्या मारतात, गाडीच्या पोटातला हायड्रॉलिक जॅक तिला उचलतो, नट सुटतात, सदतीस इंची चाक निघतं आणि स्टेपनी चढते. दोन-तीन मिनिटांत पुन्हा पट्टे आवळलेले. खरी चिंता त्यानंतर सुरू होते, कारण स्टेपन्या मोजक्याच असतात. शेवटची लावली की पुढचा प्रत्येक दगड ड्रायव्हरला दिसायला लागतो.

टप्पा जिंकला बेल्जियमच्या गियोम द मेव्हियूसने. साइन्स दुसरा. दुसऱ्या टप्प्यानंतर मात्र एकूण वेळेत साइन्स सगळ्यांच्या पुढे होता. तो टप्पा जिंकला त्याच्याच संघातल्या स्टेफान पीटरहान्सेलने.

इथे एक गंमत समजून घ्यायला हवी. आज तुम्ही जिंकलात, तर उद्या सगळ्यांच्या आधी निघता. पुढे कोरी वाळू. वाट तुम्ही शोधायची, चुका तुम्ही करायच्या आणि मागच्यांनी तुमच्या चाकांच्या खुणांवरून आरामात यायचं. म्हणजे आजच्या टाळ्यांचा हप्ता उद्या भरायचा. जाणते ड्रायव्हर म्हणूनच रोज पहिले यायला धडपडत नाहीत. पहिल्यांच्या आसपास राहतात.

तिसऱ्या टप्प्याला आघाडी सौदीच्याच यझीद अल-राजहीकडे गेली. चौथा, पाचवा असेच गेले. मग आला सहावा.

(दृश्य: नारिंगी वाळू. क्षितिजापर्यंत लाटांवर लाटा.)

रब अल-खाली. अरबीत याचा अर्थ रिकामा चतुर्थांश. त्या वर्षी आयोजकांनी नवं खूळ काढलं होतं. एकच टप्पा, दोन दिवस. दुपारी चार वाजले की जो मुक्काम पुढे दिसेल तिथे थांबायचं. मेकॅनिक नाहीत, संघ नाही, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. एक तंबू, एक स्लीपिंग बॅग, थोडा शिधा. पुढे कोण, मागे कोण, कोणाची गाडी पडली, काही कळायला मार्ग नाही.

वाळूत टायरमधली हवा कमी करावी लागते. टायर पसरतं आणि वाळूवर तरंगतं. टेकाडाच्या माथ्यावर नेमका पाय सैल करायचा. लवकर सोडला तर गाडी पोटावर बसते. उशिरा सोडला तर पलीकडे काय आहे ते हवेत असताना दिसतं.

अल-राजही सुरुवातीच्याच पट्ट्यात उलटला आणि बाहेर पडला. आदल्या दोन वर्षांचा विजेता नासेर अल-अतिया आणि पीटरहान्सेल, दोघंही मागे पडले. टप्पा जिंकला सेबास्टियन लोबने, नऊ वेळच्या रॅली जगज्जेत्याने. आणि एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे, साइन्स. दुसरा त्याच्याच संघातला मॅटियास एकस्ट्रॉम, वीसेक मिनिटं मागे.

हा आनंद एक दिवस टिकला. सातव्या टप्प्यात एकस्ट्रॉमच्या गाडीचा मागचा एक्सल गेला आणि त्याचे तासन् तास वाया गेले. आता ऑडीच्या तीन गाड्यांपैकी जिंकण्याच्या शर्यतीत एकच उरली.

मग उरलेल्या दोघांचं काम बदललं. चौदा वेळा डकार जिंकलेला पीटरहान्सेल आणि त्याच्याहून तरुण एकस्ट्रॉम, दोघंही साइन्सची चालती-फिरती स्टेपनी झाले. त्याच्या मागेपुढे राहायचं, चाक लागलं तर आपलं काढून द्यायचं. निकालाच्या तक्त्यात या कामाला रकाना नाही.

मागून लोब येत होता. सातवा टप्पा त्याचा, नववाही त्याचा. अंतर कमी होत होतं. दहाव्यानंतर ते उरलं तेरा मिनिटांच्या आसपास. सात हजारांवर किलोमीटरच्या शर्यतीत तेरा मिनिटं म्हणजे दोन पंक्चर आणि एक चुकलेलं वळण.

(दृश्य: पुन्हा दगड. अकरावा टप्पा, अल-उला ते यानबू.)

लोबपुढे पर्यायच नव्हता. मागे आहेस तर तुडवायलाच हवं. साइन्सला उलट जपून न्यायची होती, आणि दगडांत जपून नेणं हेही जिवावरचंच काम; फार हळू गेलं तर वेळ जातो, जरा जोरात गेलं तर टायर.

लोबच्या गाडीचा सस्पेन्शनचा आर्म दगडावर मोडला. रस्ता नाही, गॅरेज नाही, जे काही हत्यार गाडीत आहे तेच. दुरुस्ती होऊन गाडी हलेपर्यंत तासाहून जास्त वेळ निघून गेला. साइन्स त्या संध्याकाळी मुक्कामाला पोचला तेव्हा त्याच्या मागे जवळपास कोणीच नव्हतं.

शेवटचा टप्पा लोबने जिंकला, हा त्याचा या शर्यतीतला पाचवा. शर्यत जिंकली साइन्सने, दुसऱ्या आलेल्या द मेव्हियूसपेक्षा एक तास वीस मिनिटांनी. चौथी डकार, चौथी कंपनी. विजेच्या मोटारींवर चालणाऱ्या गाडीने ही शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

आता टप्प्यांच्या विजेत्यांची यादी वरपासून खाली वाचा. द मेव्हियूस आहे, लोब आहे, पीटरहान्सेल, एकस्ट्रॉम, अल-अतिया, ब्राझीलचा लुकास मोराइस, फ्रान्सचा गेरलाँ शिशेरी आहे. साइन्स एकदाही नाही.

(दृश्य: यानबूचा किनारा. टपावर दोन माणसं बसलेली, मागे समुद्र.)

ऑडीने त्यानंतर डकार सोडली. साइन्स आणि क्रूझ पुढच्या जानेवारीत फोर्डच्या गाडीतून आले. पुन्हा अठ्ठेचाळीस तासांचा टप्पा होता, या वेळी दुसऱ्याच क्रमांकाला. टेकाडावर गाडी उलटली. दोघांनी ती सरळ केली आणि टप्पा पुरा करून मुक्कामाला आणली. तिथे तपासणीत सुरक्षा पिंजऱ्याला मार बसलेला दिसला.

सकाळी बाकीच्या गाड्या निघाल्या. ही जागेवर उभी होती.