मुरलेलं आलं

(दृश्य : खिडकीच्या काचेवर वाफ साचली आहे. ओट्यावर काचेची बरणी. आत मधाच्या रंगाचा पाक आणि आल्याच्या पातळ चकत्या.)

या बरणीतलं आलं चिरलं तेव्हा नोव्हेंबर होता. आता निम्मा जानेवारी सरलाय. दक्षिण कोरियातल्या जॉन्जू शहरात आज सकाळी पारा उणे आठवर आहे. कपात दोन चमचे पाक, त्याबरोबर दोन-तीन चकत्या, वर गरम पाणी. ढवळलं की चहा तयार. अर्धं मिनिटही लागलं नाही.

आपल्याकडे आल्याचा चहा म्हटलं की आधी खलबत्त्याचा आवाज येतो. तुकडा ठेचायचा, उकळत्या पाण्यात टाकायचा, मग पत्ती, साखर, दूध. ज्या दिवशीचा त्या दिवशी. कोरियातली माणसं आल्याचा चहा घालून ठेवतात, आपण लोणचं घालतो तसा. त्यामुळे चव घेताना मला आपल्या चहापेक्षा मोरावळ्याची आणि गुळांब्याची आठवण जास्त येते. ही सगळी बेगमीची कामं.

तिथे या चहाचं नाव सेंगगांग-छा. छा म्हणजे चहा, पण यात चहाची पत्ती नाही. भाजलेल्या जवाच्या पाण्यालाही तिथे छाच म्हणतात. सेंग म्हणजे कच्चं, ओलं. गांग म्हणजे आलं. हेच आलं वाळवलं की गॉनगांग. आपल्याकडेही तसंच झालंय. संस्कृतात ओलं ते आर्द्रक, त्यातून आपलं आलं आलं. वाळलेली ती शुंठी, म्हणजे सुंठ. एकाच मुळाला ओलेपणी एक नाव आणि वाळल्यावर दुसरं. उगाच नाही हे. दोन्हींचा तिखटपणाच निराळा असतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

(दृश्य : कापणी झालेली शेतं, लांबवर डोंगर. बोंगदोंगचा रस्ता.)

जॉन्जूला जवळजवळ चारी बाजूंनी वेढून वांजू तालुका पसरलाय आणि त्यात बोंगदोंग हे गाव आहे. कोरियात आल्याचा विषय निघाला की जुनी माणसं या गावाचं नाव घेतात. आख्यायिका अशी, की फार पूर्वी चीनला गेलेल्या एका दूताने तिथून आल्याचं बेणं आणलं. एकदोन ठिकाणी लावून पाहिलं, रुजलं नाही. ज्या मुलखातून ते आणलं त्याच्या नावात ‘बोंग’ हे अक्षर होतं, म्हणून त्याने कोरियातही ‘बोंग’ असलेली जागा शोधली. ती ही जागा. इथे ते रुजलं.

आख्यायिका बाजूला ठेवू. लेखी नोंद पाहायची तर गोर्यो राजघराण्याच्या इतिहासात १०१८ सालची एक ओळ सापडते. उत्तर सरहद्दीवर मरण पावलेल्या सैनिकांच्या आईवडिलांना आणि बायकामुलांना राजाने चहा, आलं आणि कापड दिलं. मला ही ओळ पुन्हा पुन्हा आठवते. ज्या घरातला कर्ता गेला त्या घरी राजाने आलं पाठवलं! यावरून त्या काळी त्याची किंमत काय असेल ते कळतं.

किंमत का, ते समजायला आल्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. हे उष्ण देशातलं पीक. बी धरत नाही. गड्ड्याचा डोळा असलेला तुकडा लावायचा, त्यातूनच पुढचं पीक. म्हणजे पुढच्या वर्षी आलं हवं असेल तर यंदाचं थोडं आलं जिवंत राहिलं पाहिजे. आणि साठवणीत दहा अंशांखाली गारठा लागला की ते आतून बिघडायला लागतं. आता कोरियाचा हिवाळा डोळ्यांसमोर आणा. नद्या गोठतात, माती दगडासारखी होते. अशा देशात चार-पाच महिने आल्याचं बेणं जिवंत ठेवायचं कसं?

(दृश्य : जुनं घर. मातीची चूल. चुलीच्या मागे लाकडी झडप, खाली जाणारी अंधारी वाट.)

बोंगदोंगच्या माणसांनी ते आपल्या अंथरुणाखाली ठेवलं.

जुन्या कोरियन घरात ओन्दोल असतं. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आणि आच जमिनीखालच्या दगडी वाटांनी शेजारच्या खोलीखालून फिरते आणि खोलीची जमीन ऊबदार होते. माणसं त्याच जमिनीवर बसतात, जेवतात, निजतात. बोंगदोंगमध्ये या दगडी वाटांच्याही खाली खोल खड्डा खणत आणि आलं त्यात ठेवत. एकच चूल. तिच्यावर भात शिजायचा, तिची ऊब पोराबाळांना मिळायची, आणि उरलेली मातीतून झिरपत आल्यापर्यंत पोचायची.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आपल्याला ठाऊक आहेत. हळद आल्याच्याच कुळातली. पण पेवातली हळद शिजवून वाळवलेली असते, तिला फक्त जपायचं. बोंगदोंगच्या पेवातलं आलं श्वास घेत असतं. त्याला गारठा नको, फार ऊबही नको, नाहीतर कोंब फुटतात. ओल हवी, पण पाणी नको. नव्या बाळंतिणीच्या खोलीसारखा सगळा बेत.

२०१९ मध्ये कोरियन सरकारने वांजूतली आलं पिकवण्याची आणि अशी साठवण्याची पद्धत राष्ट्रीय कृषी वारसा म्हणून नोंदवली. आज शीतगृहात तापमान यंत्राने राखता येतं, त्यामुळे घराखालचे खड्डे आता क्वचितच वापरात आहेत. आलंही आज बोंगदोंगपेक्षा सोसान आणि आन्दोंग भागांत जास्त पिकतं. तरी मला वाटतं, बरणीत शिरण्याआधी हे घर पाहायला हवं. आलं टिकवायची धडपड जमिनीखाली सुरू झाली. बरणी हा तिचाच दुसरा अवतार.

(दृश्य : नोव्हेंबर. बाजारात कोबीचे डोंगर, मुळे, लसूण, मातीने माखलेलं ताजं आलं.)

पहिलं दहिवर गोठायच्या आत आलं काढून घेतात. ऑक्टोबरची अखेर, नोव्हेंबरची सुरुवात. त्याच सुमारास किमजांग येतं, म्हणजे हिवाळ्याची किमची घालायचा मोसम. शेजारीपाजारी, लेकीसुना जमतात आणि कोबीचे ढीग मिठात मुरवतात. २०१३ मध्ये युनेस्कोने या एकत्र येण्याची दखल घेतली. किमचीच्या मसाल्यात आलं लागतंच. घरात आल्याची पिशवी येते, किमचीला लागतं थोडंच, आणि उरलेलं बरणीत जातं.

या नव्या आल्याची साल कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ असते. सुरी लागत नाही. बोटांसारखे फाटे हाताने मोडून घ्यायचे, म्हणजे बेचक्यातली माती धुता येते. मग चमच्याच्या कडेने खरवडायचं.

माप अगदी सोपं. सोललेलं आलं अर्धा किलो असेल तर साखर अर्धा किलो. वजनाला वजन. काही घरांत निम्मी साखर, निम्मा मध. चकत्या जितक्या पातळ तितकं बरं, आणि आडव्या कापायच्या, म्हणजे धागे तुटतात. मोठ्या परातीत आलं आणि साखर हाताने कालवा. तास-दोन तासांत बघा, थेंबभर पाणी न घालता परात ओली झालेली असते. साखर आल्यातलं पाणी बाहेर ओढते. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर होतं तेच.

बरणी उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडी केलेली हवी. इथे हयगय नको. पाण्याचा एक थेंब सगळी बरणी घालवतो. वर चार चमचे साखरेचा थर द्यायचा. एक-दोन दिवस बाहेर ठेवून कोरड्या चमच्याने तळाची साखर ढवळायची आणि विरघळली की फ्रिजमध्ये. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात हे करणार असाल तर दुसऱ्याच दिवशी आत ठेवा, नाहीतर फेस येतो, आंबूस वास सुटतो. पंधरा दिवसांनी झाकण उघडलं की पाक झालेला असतो. याला ते छॉंग म्हणतात. फळाचा, मुळाचा साखरेत मुरलेला अर्क.

ही साखर मात्र अलीकडची. जुन्या कोरियात साखर दुर्मीळ होती. मध होता, आणि भाताला मोड आलेल्या जवाने गोडी आणून आटवलेली जोछॉंग नावाची काकवी होती. कोरियन युद्ध थांबलं त्या १९५३ सालीच बुसानमध्ये साखरेचा कारखाना सुरू झाला आणि पुढे साखर घरोघरी पोचली. आज ‘पारंपरिक’ म्हणून दाखवली जाणारी वजनाला वजन साखरेची बरणी त्यानंतरच्या सुबत्तेची आहे. त्याने तिची चव कमी होत नाही. पण मध घातलेली बरणी जास्त जुनी, आणि माझ्या जिभेला जास्त आवडलेली.

(दृश्य : पांढऱ्या फडक्यातून आल्याचा रस पिळला जातो. पातेल्यात गढूळ पिवळा रस.)

आता दुसरी रीत. आपल्याकडच्या जून, धागेदार आल्याला ही जास्त मानवते.

आलं थोड्या पाण्यात वाटायचं, फडक्यातून घट्ट पिळायचं आणि रस तीन-चार तास न हलवता ठेवायचा. घाई करणाऱ्याची इथेच फसगत होते. वरून रस नितळत जातो आणि तळाशी पांढरा, घट्ट थर बसतो. ते आल्याचं पीठ. नाचणीचं सत्त्व काढताना बसतो तसाच थर. वरचा रस अलगद ओतून घ्यायचा. पीठ आत राहिलं तर तापल्यावर रस खळीसारखा होतो, बुडाला लागतो आणि चहा कायमचा गढूळ. नितळ रसात तितकीच साखर घालून मंद आचेवर आटवा. गरम असताना पातळच वाटेल, गार झाल्यावर घट्ट होतो, म्हणून मधाइतका दाट व्हायच्या थोडं आधीच उतरवा.

खाली उरलेलं ते पीठ टाकत नाहीत. राजवाड्याच्या पंगतीत सेंगरान नावाची मिठाई असे. आलं शिजवून, मधात आटवून, त्यात हेच पीठ घालून पुन्हा आल्याच्याच छोट्या गड्ड्यांचा आकार देत आणि चिलगोज्यांच्या, म्हणजे पाइनच्या बियांच्या, भुकटीत घोळवत. आल्याच्या चकत्या साखरेत घोळवत कोरड्या केल्या की प्योनगांग. आळेपाकाची वडी खाऊन वाढलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यायची गरज नाही. पहिला तुकडा तोंडात टाकल्यावर मला प्रवासातल्या पुडीची आठवण झाली. घाटात पोटात ढवळलं की आई ती पुडी काढायची.

आणि सुंठीचं मघाशी राहिलेलं उत्तर. ओल्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल नावाच्या द्रव्याचा. आलं वाळलं की त्यातल्या काहीचं शोगाऑल होतं, आणि ते जास्त झोंबतं. म्हणून चिमूटभर सुंठही घशाशी जाणवते. उलट शिजवताना जिंजेरॉलमधून झिंजेरोनही तयार होतं. ते मवाळ आणि गोडसर वासाचं. त्यामुळे न शिजवलेल्या बरणीचा चहा नाकात जातो आणि आटवलेला घशातून सावकाश उतरतो. माझ्या घरी दोन्ही बरण्या असतात. सकाळी पहिली, रात्री दुसरी.

(दृश्य : लाल, सुरकुतलेलं फळ. सुरीने गर सोलून पट्टी निघते, ती गुंडाळली जाते.)

हे तेछू. आपल्या बोराचं चुलतभावंड; वाळल्यावर खारकेसारखं दिसतं. बी काढायची, गराची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि आडव्या चकत्या करायच्या. प्रत्येक चकती फुलासारखी दिसते. दोन फुलं चहावर तरंगत ठेवायची आणि शेजारी तीन-चार चिलगोजे. कोरियन चिलगोजे आपल्याकडच्या चिलगोज्यांपेक्षा बुटके, पण तेलकट गोडवा तोच. दिसायला छान म्हणून घालतात हे खरं, पण तिखट घोटाच्या शेवटी तो गोड दाणा दाताखाली येतो तेव्हा त्याचं तिथे असणं कळतं.

घसा बसला, अंगात कणकण आली की तिथली आजी हाच कप पुढे करते. सर्दी काही याने पळून जात नाही, पण घशाला आराम पडतो आणि मळमळीवर आलं खरोखर उपयोगी आहे. तीन गोष्टी मात्र पाळा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि बुरशी आलेलं आलं तेवढा भाग कापून वापरू नये, सगळंच टाकावं.

(दृश्य : एप्रिल. खिडकी उघडी. बरणी जवळजवळ रिकामी.)

एप्रिल उजाडला की बरणीचा तळ दिसायला लागतो. पाक संपतो, चकत्या राहतात. आता त्या काचेसारख्या पारदर्शक झाल्यात आणि तिखटपणा निम्म्यावर आलाय. मी त्या ताटलीत पसरून खिडकीत ठेवते. दोन दिवसांनी कडा सुकतात, मग एकेक चघळायची.

तिकडे बोंगदोंगमध्ये याच दिवसांत बेणं बाहेर काढतात. हिवाळाभर उबेत राहिलेले गड्डे, फुगलेले डोळे. हाताने मोडतात, प्रत्येक तुकड्याला एखाद-दुसरा डोळा राहील असे, आणि वाफ्यात ठेवून वर माती ओढतात.

(दृश्य : धुतलेली बरणी ओट्यावर उन्हात पालथी.)