ब्रूस बिघडला म्हणून

(दृश्य: शांत समुद्र. कॅमेरा पाण्याखालून वर पाहतोय.)

1974 चा उन्हाळा. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतचं मार्थाज् व्हिनयार्ड बेट. 'जॉज' या शार्कवरच्या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू आहे आणि खलनायक आज पुन्हा बंद पडलाय.

त्याचं नाव ब्रूस. 25 फुटी यांत्रिक शार्क. खाऱ्या पाण्यानं त्याची यंत्रणा पार खाऊन टाकली. मग दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी शार्कला लपवूनच ठेवलं. नुसतं पाणी, शार्कला अडकवलेली पिवळी पिंपं आणि ती छातीत धडकी भरवणारी धून.

गंमत म्हणजे, शास्त्राच्या कसोटीवर चित्रपटाचा हाच भाग सगळ्यात खरा ठरतो. ग्रेट व्हाइट शार्क दबा धरून शिकार करतो. त्याची पाठ गडद असते. वरून पाहणाऱ्याला तो खालच्या काळोखात दिसतच नाही. त्याचं भक्ष्य असलेल्या सीलला तो दिसतो, तोवर अनेकदा उशीर झालेला असतो.

ब्रूस पाण्याबाहेर आला, की मात्र गडबड होते. खरा ग्रेट व्हाइट 20 फुटांचा भरला तरी अवाढव्यच म्हणायचा. म्हणून ऑस्ट्रेलियात खऱ्या शार्कची दृश्यं घेताना तो ब्रूसएवढा दिसावा यासाठी पिंजराच लहान बनवला आणि आत ठेंगणा माणूस उतरवला!

चित्रपटात होडीवर झेप घेणाऱ्या शार्कला मात्र हसू नका. 2011 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मॉसेल बे इथं एक ग्रेट व्हाइट खरोखरच अभ्यासकांच्या होडीत येऊन पडला होता.

(दृश्य: 1987. 'जॉज'चा चौथा भाग.)

इथं शार्क चक्क डरकाळी फोडतो. ना फुप्फुसं, ना स्वरयंत्र. आवाज येणार कुठून? मालवणच्या बाजारात मोरी, म्हणजे छोटा शार्कच, कापणारी कुठलीही मावशी हे सांगेल.

हाच शार्क एका कुटुंबाचा सूड घ्यायला बहामाजपर्यंत जातो. लांबच्या प्रवासाचं नवल नाही. निकोल नावाची ग्रेट व्हाइट मादी 2003-04 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून ऑस्ट्रेलियाला जाऊन परत आली. नऊ महिन्यांत 20,000 किलोमीटरहून जास्त! पण डूख धरायला शार्क म्हणजे आपल्या गोष्टींतली नागीण नव्हे.

मूळ कादंबरी पीटर बेंचली यांची. शार्कविषयी आज जे कळलंय, ते ठाऊक असताना ती लिहिता आली नसती, असं पुढे ते स्वतःच सांगत. 2006 मध्ये ते गेले. त्याआधीची कितीतरी वर्षं त्यांनी शार्क वाचवा, म्हणून लोकांना सांगण्यात घालवली होती.